ले-आऊटच्या मोकळ्या जागेत गाजर गवत, रायमुनिया, बेशरम : जेसीबी लावायचा का?

ओपनस्पेस_गोरेवाडा

नमस्कार. नागपुरात गोरेवाड्याच्या बाजूला आमच्या ले-आऊटची दीड एकर सार्वजनिक मोकळी जागा आहे. वरची बाजू मुरमाड चढ, त्यावर रायमुनिया (घाणेरी) माजली आहे. मधला सपाट भाग काळ्या मातीचा, तिथे पावसाळ्यात टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) वर गाजर गवत असतं. खालची कड नाल्याला लागून आहे आणि तिथे बेशरम व पंधरा-वीस सुबाभळी आहेत. तीन वर्षं पोळ्याच्या आसपास ग्रास कटर फिरवतो, पण दसऱ्यापर्यंत सगळं पुन्हा पांढऱ्या फुलांनी भरतं. यंदा मे संपायच्या आत जेसीबीने सगळं खरवडायचं, वर चार ट्रॉली माती टाकायची आणि पहिल्या पावसात ३०० झाडं लावायची, असा विचार चालू आहे. रविवारी सकाळी दोन तास वीस-पंचवीस माणसं येतात, बोअरचा एक नळ आहे, खर्चाला साधारण ४० हजार आहेत. हा बेत बरोबर आहे का? नसेल तर कुठून सुरुवात करावी? आणि गाजर गवतावर मिठाचं पाणी मारा असं काही जण सांगतात, त्याने खरंच जातं का?

---

काळी_माती

जेसीबी नको, आणि बाहेरची मातीही नको. चार ट्रॉली माती म्हणजे बहुतेक वेळा चार ट्रॉली गाजर गवताचं बी. बांधकामावरून उचललेली माती, रस्त्याकडेचा मुरूम, न कुजलेलं शेणखत या तिन्हींतून ते नव्या जागी पोचतं.

आता जेसीबीचं. गाजर गवताचं बी अगदी बारीक असतं आणि मातीच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधलंच उगवतं. त्याखाली दबलेलं बी काही वर्षं जिवंत पडून राहतं. जमीन खरवडली की ते वर येतं, उघड्या काळ्या मातीवर पहिला पाऊस पडतो आणि दहा-बारा दिवसांत हिरवा गालिचा दिसतो. एक जोमदार झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं, तेव्हा एका वर्षाची चूक पुढची कित्येक वर्षं निस्तरावी लागते.

ग्रास कटर का फसतो तेही पाहा. पोळ्याला कापता तेव्हा झाड फुलावर आलेलं असतं. जमिनीपासून चार बोटं वर कापलं की खालच्या डोळ्यांतून चार-पाच फांद्या फुटतात आणि मग ते वीतभर उंचीवरच फुलतं. त्यातून कटरची दोरी पिकलेलं बी चारी बाजूंना उडवते.

म्हणून हाताने, मुळासकट, फुलण्याआधी. कोवळं गाजर गवत जमिनीला चिकटून गोल चक्रासारखं पसरतं, पानं गाजरासारखी कातरलेली. ते टोंगळ्याएवढं व्हायच्या आत, पाऊस उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उपटायचं. त्या वेळी सोटमूळ अख्खं निघतं. कोरड्या काळ्या मातीत ते मानेपाशी तुटतं आणि परत फुटतं. नागपूरच्या पावसाच्या हिशोबाने किमान तीन फेऱ्या लागतील : जुलैचा पहिला आठवडा, ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरचा मध्य. तिसरी फेरी कंटाळ्याने सोडली जाते आणि बी नेमकं तेव्हाच पडतं. ओल असेल तिथे हे वर्षभर उगवतं, त्यामुळे बोअरच्या नळाभोवतीची जागा डिसेंबरातही तपासा.

हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवेच. याने अंगाला खाज, पुरळ येते, पराग नाकात गेला की दमा उठतो. ज्यांना दम्याचा किंवा इसबाचा त्रास आहे त्यांना या कामावर घेऊ नका, त्यांना रोपांना पाणी घालायला द्या.

फुलाआधी उपटलेल्याचं खत होतं. ३ फूट खोल, ६ फूट रुंद, १० फूट लांब खड्डा घ्या. गवताचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती, असे थर दाबत न्या आणि वरून शेणमातीने लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. फुललेलं गवत मात्र या खड्ड्यात टाकू नका. खड्ड्याच्या कडेला उष्णता पुरेशी चढत नाही, तिथलं बी जगतं. ते पोत्यात भरून, तोंड बांधून, उन्हात पूर्ण वाळवून वेगळं काढा.

मिठाबद्दल : लिटरला २०० ग्रॅम मीठ घालून फवारलं की पानं करपतात, हे खरं आहे. पण ते मीठ मातीतच राहतं. काळ्या मातीत सोडियम वाढलं की माती घट्ट चिकट होते, पाणी मुरत नाही, पुढे तिथे देशी गवतही धरत नाही. फरशीच्या फटींत वापरायचं तर वापरा, मातीवर नाही. तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेट गाजर गवताबरोबर चांगलं गवतही मारतं आणि तुमच्याकडे खाली नाला आहे. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर पेस्ट कंट्रोल करणाऱ्या व्यावसायिकांपुरताच मर्यादित करणारी अधिसूचना काढली. सोसायटीच्या माळ्याच्या हातात पंप देऊन मारायची ही वस्तू नाही.

---

रानवाट

रायमुनियाबद्दल मी लिहितो. हे झाड १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणलं गेलं आणि आज पेंचपासून आपल्या सेमिनरी हिल्सपर्यंत कुठेही दिसतं. कापलं तर दाट फुटतं, जाळलं तर आणखी दाट फुटतं. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत बसवली, तीच करा.

रायमुनियाचे नवे फुटवे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून येतात. त्याखालचं मूळ फुटत नाही. म्हणून झुडूप उपटायचं नाही आणि वरून छाटायचंही नाही. जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं. जोडी लागते. एकाने बेचक्याच्या लांब काठीने फांद्यांचा डेरा उचलून धरायचा, दुसऱ्याने बुडापाशी माती थोडी बाजूला करून टिकासाचे दोन-तीन घाव तिरपे घालायचे. मूळ तुटल्याचा आवाज वेगळा येतो आणि झुडूप एकदम सैल होतं. मग ते तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे, फांद्या खाली. उलटं केल्याने बूड मातीला टेकत नाही आणि धरत नाही. सरळ आडवं टाकलं तर ओल्या मातीला लागलेल्या फांद्यांना मुळं फुटतात. जेसीबीने हेच होतं : फांद्यांचे तुकडे मातीत गाडले जातात आणि एका झुडपाची पाच होतात.

वेळ : पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की. माती मऊ असते आणि फळं अजून हिरवी असतात. काळी फळं धरलेली झुडपं असतील तर आधी ती शेंडे कापून पोत्यात घ्या.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे, मोठी झुडपं काढून लोक थांबतात. बुलबुल आणि साळुंक्या फळं खाऊन ज्या झाडावर बसतात त्या झाडाखाली रोपांची गर्दी होते. तुमच्या जागेत आणि कडेला जी उंच झाडं आहेत त्यांच्या सावलीत पावसानंतर महिन्याभराने, मग सप्टेंबरात आणि पुढच्या पावसाळ्यातही रोपं उपटा. बोटभर रोप चिमटीत निघतं. पान चुरगळून वास घ्या, लगेच ओळखू येतं.

दुसरी चूक, पूर्ण चढ एकाच वर्षी मोकळा करणं. मुरमाड चढावर वर थोडी माती असते, तीही जोराच्या पावसात नाल्यात जाईल. उताराला आडवे असे दहा-दहा मीटरचे पट्टे पाडा. यंदा एक काढा, पुढचा ठेवा. ठेवलेल्या पट्ट्यातल्या फुलांचे शेंडे मात्र महिन्यातून एकदा छाटत राहा. पावसाळा हा बऱ्याच पाखरांच्या विणीचा काळ आहे, झुडूप उचलण्याआधी आत घरटं आहे का बघा. असेल तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

आणि काढलेली रायमुनिया जनावरांपुढे टाकू नका, विषारी आहे.

---

कुसळी

वरचे दोन्ही प्रतिसाद अगदी योग्य आहेत, पण काढण्याचं कोणीही सांगेल. काढल्यावर त्या जागी काय असणार हे आधी ठरवा. जमीन मोकळी राहत नाही. तुम्ही काही लावलं नाही तर गाजर गवत लावून घेतं, इतका साधा हिशोब आहे. आणि ३०० झाडं हे त्याचं उत्तर नाही. रोपाची सावली पडायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर दोन रोपांमधल्या उघड्या जमिनीत काय उगवणार? आधी गवत. आपल्या भागातला माळ हा मुळात गवताचाच आहे : मारवेल, शेडा, कुसळ, मुरमावर डोंगरी.

काळ्या मातीच्या सपाट भागात मारवेल. बियांपेक्षा ठोंबांनी लवकर धरतं. शहराबाहेर कास्तकारांच्या धुऱ्यावर (बांधावर) जुने ठोंब असतात, विचारून दोन-चार घ्या. एक दाट ठोंब फोडला की वीस-पंचवीस तरी लागणीजोगे तुकडे मिळतात, प्रत्येकात दोन-तीन फुटवे आणि थोडं मूळ असावं. वरचं पान कापून वीतभर ठेवा. ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन ठोंबांत ३० सेंटिमीटर. या अंतराने एका गुंठ्याला साधारण ७५० ठोंब लागतात. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, तेव्हा सगळीकडे एकदम लावायच्या फंदात पडू नका. पहिल्या वर्षी पाच गुंठे, नळाजवळचे. तेच पुढच्या वर्षी बाकीच्या जागेची रोपवाटिका होतील. जूनच्या शेवटी लावलं तर दोन-तीन वेळा खुरपण करून सप्टेंबरपर्यंत जमीन झाकते.

चढावर कुसळ आणि शेडा बियांनी. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने ओरबाडून गोळा करायचं. कुसळीचं ताजं बी उगवत नाही, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कापडी पिशवीत कोरडं ठेवावंच लागतं. म्हणजे यंदा गोळा केलेलं पुढच्या जूनला. बी हातात घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, काळं कुसळ पीळ सोडत गोल फिरतं आणि टोक तळहाताला टोचू लागतं. जमिनीतही ते असंच स्वतःला पेरतं. म्हणून खोल पेरायचं नाही, दाताळ्याने वरवर ओरखडा काढून शेण-मातीत कालवलेलं बी पसरायचं. एकरी दोन-तीन किलो पुरतं. पायवाटेच्या कडेला मात्र कुसळ नको, कपड्यांत आणि कुत्र्यांच्या अंगात घुसतं. तिथे मारवेलच ठेवा.

पण यंदाच्या जूनचं काय? मधल्या उरलेल्या भागात तरोटा (टाकळा) आणि उन्हाळी (शरपुंखा) फेका. दोन्ही गाजर गवताच्या बरोबरीने वाढतात आणि त्याला सावलीत घेतात. बियांची साल कडक असते, जाड वाळूबरोबर पोत्यात घालून पाच-दहा मिनिटं चोळा, मग रात्रभर भिजवा, उगवण चांगली होते. तरोट्याची कोवळी पानं भाजीला चालतात हे तुमच्या ले-आऊटमध्ये निम्म्या घरांत माहीत असेलच.

तरोटा घेताना नीट पाहून घ्या. त्याच्यासारखंच एक परदेशी झुडूप आहे, गाजर गवतावर उपाय म्हणून ते मुद्दाम पसरवलं गेलं आणि आता स्वतःच तण झालं आहे. तरोट्याची शेंग बारीक, लांब, किंचित वाकलेली, वीतभर असते आणि पान गुळगुळीत. त्या दुसऱ्याचं पान मखमलीसारखं, कोवळे शेंडे तांबूस केसाळ आणि शेंगा बोटाच्या पेरांएवढ्या आखूड, मण्यांसारख्या खाचांच्या असतात. ते दिसलं तर गाजर गवताबरोबर उपटा.

---

ओपनस्पेस_गोरेवाडा

सर्वांचे मनापासून आभार. जेसीबीचा विषय बंद करतो. अजून विचारायचं ते असं : झाडं अजिबातच लावू नयेत का? लोकांची ती मुख्य हौस आहे. सुबाभळीचं काय करावं? आणि गाजर गवत खाणारे भुंगेरे आणून सोडता येतात असं वाचलं, ते घ्यावेत का?

---

काळी_माती

भुंगेऱ्यांचं सांगतो. मेक्सिकोहून आणलेला हा भुंगेरा १९८४ मध्ये बेंगळुरूजवळ सोडला गेला, आता तो देशभर आहे. जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, तिथून तो मिळतो आणि एका ठिकाणी ५०० ते १००० सोडायला सांगतात. पण आधी तुमच्याकडे आहेच का ते बघा. जुलैत गाजर गवताचे शेंडे पाहा : मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट नागमोडी उभ्या रेघा, आकार ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. पानांच्या मागे पिवळी अंडी असतात आणि पिवळट अळ्या शेंडा कुरतडत असतात. दिसले तर त्या कोपऱ्यातलं गवत पहिल्या फेरीत उपटू नका, त्यांचं ते खाद्य आहे. संख्या वाढली की ते स्वतः पसरतात. हिवाळा आणि उन्हाळा ते मातीत शिरून झोपून काढतात, म्हणजे जमीन खरवडली असती तर तेही मेले असते. निव्वळ त्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. पाऊस ओढला की ते उशिरा निघतात आणि तोवर गवत फुलून जातं.

---

नाल्याकाठी

झाडं लावा, पण ३०० ऐवजी ५०-६०. बाकी जागा गवताला आणि झुडपांना द्या.

सगळ्यात आधी बेशरम, कारण तिची वेळ आत्ताच आहे. मेमध्ये नाला आटलेला असतो, काठ कोरडा असतो. कांडीचा हातभर तुकडा ओल्या मातीत पडला की मुळं धरतो, म्हणून हे काम पावसात केलं तर तुम्ही ती खालच्या वस्तीपर्यंत वाहवत न्याल. बुडाभोवती खणून गड्डा काढा, नुसतं कापू नका. काढलेल्या कांड्या मातीवर नाही, खडकावर किंवा सिमेंटच्या जागी पसरा. ४५ डिग्रीच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत कडकडीत वाळतात. दूध डोळ्यांत जाऊ देऊ नका. शेळ्यांना विषारी आहे, त्यामुळे ढीग त्यांच्या वाटेत ठेवू नका.

सुबाभळीला हात लावण्यापूर्वी परवानगी. शहर हद्दीत झाड परदेशी असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते, अर्ज उद्यान विभागात करायचा. मंजुरी येईपर्यंत रिकामं बसायचं नाही. शेंगा हिरव्या असताना आकडीने पाडा. तपकिरी झाल्या की तडकतात आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. खालची रोपं वीतभर असताना पावसात उपटा, नंतर सोटमूळ इतकं खोल जातं की तुटतंच. मंजुरीनंतर कापलेला बुंधा नक्की फुटणार. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे हाताने सोलून काढायचे, कापायचे नाहीत, आणि हे दोन वर्षं. एकाच वेळी सगळ्या सुबाभळी काढू नका, काठ ढासळेल. वर्षाला चार-पाच काढा आणि त्याआधी शेजारी करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ लावून घ्या. काठाची माती धरायला निरगुडी उत्तम, तिच्या पेन्सिलीएवढ्या फांद्या वीतभर खोल खोचल्या तरी पावसात धरतात.

चढावर पळस, बेल, मोवई, धावडा आणि झुडपांत धायटी व मुरुडशेंग. पळसाचं रोप विकत घेऊ नका. त्याचं मूळ पिशवीत गुंडाळतं आणि पुढे झाड खुरटतं. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गळतात, त्यातलं बी लवकर मरतं. म्हणून ताज्या शेंगा गोळा करून त्याच महिन्यात जागेवरच, दोन बोटं खोल, एका ठिकाणी दोन-तीन पेरा. पहिल्या वर्षी वर दोनच पानं दिसतील. धीर धरा, तो खाली मूळ नेत असतो.

खड्डे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल, मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. काळ्या मातीत रोप जमिनीच्या पातळीपेक्षा थोडं उंच, उंचवट्यावर लावा, नाहीतर ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी साचून मूळ कुजतं. रोपवाटिकेच्या पिशवीत गाजर गवताची बारीक रोपं असतात, लावण्याआधी वरची बोटभर माती काढून टाका. गुलमोहर, ग्लिरिसिडिया फुकट मिळाले तरी नको. आणि पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं बी कोणी वाटत असेल तर तेही नाही म्हणा, ते आता रस्तोरस्ती आपोआप पसरतं आहे.

---

कुसळी

आगीची गोष्ट राहिली. गवत लावलं की उन्हाळ्यात ते वाळणार, आणि कोणीतरी कचरा पेटवणार. बी गळून झालं की डिसेंबरात विळ्याने कापणी करा, चार बोटं बूड ठेवून. रस्त्याच्या कडेने तीन मीटर रुंद पट्टा अगदी बारीक ठेवा. कापलेलं गवत रोपांच्या आळ्यांत पसरा, पाणी कमी लागतं.

जागेत दहा ठिकाणी खुंट ठोका आणि प्रत्येक खुंटाशी एक मीटर चौरसात गाजर गवताची किती रोपं आहेत ते जुलैच्या पहिल्या रविवारी मोजून वहीत लिहा. पुढच्या जुलैला त्याच खुंटांशी मोजा. डोळ्यांना जागा पहिल्या दोन वर्षांत तशीच भरलेली वाटते आणि लोक नेमके तिथेच सोडून देतात, आकडा मात्र खाली आलेला असतो.

---

ओपनस्पेस_गोरेवाडा

कळलं. येत्या रविवारी बेशरमेचे गड्डे आणि वरचे ३० खड्डे. एकच शंका, बेशरम वाळवायला नाल्यावरचा जुना सिमेंटचा पूल चालेल का?

---

नाल्याकाठी

पूल नको, भाऊ. वळवाचा एक पाऊस आला की सगळं खाली नाल्यात. काठापासून लांब, वरच्या रस्त्याच्या डांबरावर किंवा एखाद्या गच्चीवर वाळवा, आणि कांडी मोडल्यावर आत हिरवी रेघ दिसत असेल तोवर उचलू नका.